शीर्षकसंकेत आणि रेठऱ्याची चार पानं

प्रश्न असा आहे : 'आम्ही तासगावचे काही शिक्षक मिळून सांगली-सातारा भागातल्या गावांची माहिती एका विकीवर गोळा करतोय. पानाला जो तो मनाला येईल ते नाव देतो. नेमिंग कन्व्हेन्शन ठरवायला बसलो, तर त्यालाच मराठी शब्द सापडेना. नामकरण-नियम म्हणावं का?'

ताई, नका म्हणू. दोन्ही शब्दांना माझी हरकत आहे, पहिल्याला जास्त.

नामकरण म्हणजे बारसं. नाव नव्हतं, ते दिलं. तुमच्या गावांची बारशी कधीच झाली आहेत. आहे ते नाव पानाच्या माथ्यावर कसं लिहायचं, एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे. माथ्यावरच्या त्या ओळीला शीर्षक म्हणतात. 'मथळा' बातमीलाच बरा दिसतो.

आता नियम. नियम वरून येतो आणि मोडणारा चुकतो. त्याच्या भावकीतले बाकीचे शब्द लावून पाहिले. शिरस्ता फारसी 'सररिश्ता'वरून आलेला. पूर्वीपासून असंच चालतं, एवढंच तो सांगतो. प्रघात आणि रूढी आपोआप पडतात, त्यासाठी कोणी बैठक घेत नाही. पायंडा पाडायला एकटा माणूस पुरतो, आणि चांगला पायंडा पडल्याचं मी तरी क्वचितच ऐकलंय. संकेत मात्र चार माणसांनी आपसांत मानलेला असतो. 'या शब्दावरून हा अर्थ समजायचा' या ठरण्यालाच न्यायशास्त्रात संकेत म्हणतात. नाट्यसंकेत, साहित्यसंकेत हे शब्द मराठीत रुळलेलेच आहेत. तेव्हा शीर्षकसंकेत म्हणा, आणि एकच शब्द म्हणून जोडून लिहा. (संकेताला 'खूण' हाही अर्थ आहे. संस्कृत काव्यातलं संकेतस्थान म्हणजे प्रेमिकांनी चोरून भेटायची जागा. आपण मात्र संकेतस्थळावर वीजबिल भरतो.)

शब्द झाला. पण तुमची खरी अडचण शब्दाची नाही, म्हणून थोडं पुढे जातो.

विकीवर पानाचं नाव हाच त्याचा पत्ता असतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. त्यात रोमन लिपीतले दोन शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं, की दुवा आपोआप तयार होई. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, त्यामुळे ती युक्ती आपल्या कामाची नव्हती. आता मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यात, दुहेरी चौकटी कंसात नाव लिहितात. पण कंसातलं नाव आणि पानाचं नाव यांत एका मात्रेचा जरी फरक पडला, तरी दुवा लाल होतो, म्हणजे 'असं पान नाही' असं सांगतो, आणि कोणीतरी उत्साहाने त्याच गावाचं दुसरं पान उघडतो.

रेठरे घ्या. कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द, वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष आणि रेठरे धरण. नुसतं 'रेठरे' असं पान कोणाचं? कोणाचंच नाही. तिथे चौघांची यादी द्यायची. अशा पानाला मराठी विकिपीडियावर निःसंदिग्धीकरण म्हणतात. संदिग्धता घालवणाऱ्या या शब्दातला विसर्ग निम्मे लोक विसर्ग म्हणून टंकतात आणि निम्मे अपूर्णविराम म्हणून, त्यामुळे तो स्वतःच दोन पानांवर सापडतो!

बुद्रुक हा फारसी 'बुज़ुर्ग'चा मराठी अवतार, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. पाट्यांवर बु॥, बु., बुद्रूक असं काहीही असतं. तुम्ही पूर्ण 'बुद्रुक' लिहायचं ठरवा आणि बाकीच्या रूपांवरून पुनर्निर्देशन ठेवा, म्हणजे ती टंकणारा आपोआप खऱ्या पानावर जाईल. माझ्या मते तुमच्या बैठकीत एवढा एकच ठराव झाला तरी पुरे : ज्याला जे नाव आठवेल त्याने ते टंकावं, त्याला पोचवायचं काम विकीचं. मग 'खुर्द आधी की गाव आधी' यावर भांडणच उरत नाही. लोक म्हणतात तसं, गाव आधी.

गावकऱ्यांनी ज्या नावांत आधीच फरक करून ठेवलाय, तिथे आपण कंस घालू नये. तासगावजवळचं कवठे एकंद आणि तालुक्याचं ठिकाण असलेलं कवठे महांकाळ यांना कंस कशाला? वाई तालुक्यातल्या नुसत्या कवठ्याला मात्र 'कवठे (वाई तालुका)' असं लिहावं लागेल. औंधाचंही तसंच, कारण पुण्यात दुसरं औंध आहे.

मराठीची खरी खोड सामान्यरूपात आहे. सांगलीत, वाईत हे सरळ प्रत्यय लागतात. पण सातारा साताऱ्यात होतो, विटा विट्यात आणि मिरज मिरजेत. कोणी वाक्यातलं 'मिरजेत' तसंच कंसात टाकलं की त्याच नावाचं पान जन्माला येतं. शीर्षक नेहमी मूळ रूपात ठेवा आणि दुव्यात आधी मिरज, मग उभी रेघ, मग मिरजेत असं लिहा. हे सगळ्यांना एकदा फळ्यावर दाखवा, सांगून लक्षात राहत नाही.

कऱ्हाडची गंमत वेगळीच. कराड की कऱ्हाड हा वाद राहू द्या, एकावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन देऊन तो मिटतो. पण खुद्द 'कऱ्हाड' दोन प्रकारे टंकता येतं : एक ऱ या स्वतंत्र अक्षराने, दुसरं र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला निराळे. आमच्या साताऱ्यातल्या एका छोट्या गटाच्या विकीवर याच कारणाने कऱ्हाडची दोन पानं महिनाभर सुखाने नांदली. दोन्हीकडे प्रीतिसंगमाचा एकच फोटो होता.

लांबलचक शीर्षकं आपोआप अडतात. मीडियाविकीची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत आटपायचं.

व्यक्तींची पानं कराल तेव्हा वाईचा मराठी विश्वकोश डोळ्यांसमोर येईल. १९७६ च्या पहिल्या खंडापासून त्यात माणसं आडनावाने लागतात, कारण छापील ग्रंथात अकारविल्ह्यानेच शोधायचं असतं. विकीला शोधपेटी आहे, तेव्हा सरळ 'भाऊराव पाटील' लिहा. 'कर्मवीर' गाळलं म्हणून साताऱ्यात कोणीतरी दुखावेलच. मीही थोडा दुखावतो. म्हणून 'कर्मवीर भाऊराव पाटील' हे पुनर्निर्देशन पहिल्याच दिवशी करा आणि लेखाच्या पहिल्या ओळीत कर्मवीर ठळक लिहा. विश्वकोशात एका नोंदीवरून दुसरीकडे धाडणारं 'पहा' असतं, त्याचंच हे भावंड आहे.

विकीवर पानांचे गट करतात त्यांना वर्ग म्हणतात. त्या वर्गांच्या नावात 'गावे' लिहा, बोलताना 'गावं' म्हणत असलात तरी.

हे सगळं ज्या पानावर उतरवाल त्याचं शीर्षक 'शीर्षकसंकेत' ठेवा. एकवचन की अनेकवचन हा वाद तिथे निघणार नाही. शब्द अकारान्त पुल्लिंगी आहे, दोन्हीकडे रूप तेच.