शिशाच्या जुन्या खाणीवर पहिल्यांदा जाताना

खाणीत शिरू नकोस. आतली हवा आणि छत, दोन्हींचा भरवसा नसतो. बघण्यासारखं बरंच काही बाहेरच्या टाकाऊ दगडांच्या ढिगात सापडतं.

दगड आधी हातात तोलून बघ. गॅलेना, म्हणजे शिशाचं मुख्य खनिज, पाण्याच्या साडेसातपट जड. फुटलं की चौकोनी तुकडे पडतात, कस (खरबरीत फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) शिशासारखा करडा. स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं खनिज, पाण्याच्या जेमतेम 4 पट जड, कस फिकट पिवळट-तपकिरी. पांढरा दगड जड लागला की नवखे हुरळतात (मीही हुरळलो होतो), पण तो बहुधा बराइट, म्हणजे बेरियमचं खनिज असतो, शिशाचं नव्हे. हिऱ्यासारखी चकाकी दिसली तर मात्र थांब: गॅलेनावर हवा-पाण्याची क्रिया होऊन सेरुसाइट हे शिशाचंच दुसरं खनिज बनतं, ते असू शकेल. हिरवे षटकोनी खांब म्हणजे बहुधा पायरोमॉर्फाइट, तेही शिशाचं खनिज. धूळ उडवू नकोस, जेवणाआधी हात साबणाने धू.