सोलापूरकडं शेतीमाल आणि जनावरांच्या वाहतुकीसाठी भरवशाची पिकअप कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की मोहोळ-पंढरपूर पट्ट्यात कांदा, डाळिंब, कडबा आणि चार म्हशी एवढ्यासाठी पिकअप घ्यायची आहे, 'अडीच-तीन टन आरामात ओढेल' अशी भरवशाची गाडी सांगा. महिंद्राची बोलेरो की टाटाची योद्धा यावर लिहिणारे भरपूर आहेत, म्हणून मी पुढं जाणार होतो. पण 'अडीच-तीन टन आरामात' वाचलं आणि थांबलो. हेच शब्द माझ्या थोरल्या भावाच्या तोंडी असतात आणि त्यावरून आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही.

आधी सरळ सांगतो. अडीच-तीन टन आरामात ओढणारी पिकअप नसते. या वर्गातलं पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेलं मालाचं वजन, दोन टनांच्या आसपास संपतं. त्यापुढं माल भरला तर गाडी चालते, हे खरं. इंजिनला तेवढा दम असतो. पण इंजिन ओढतं म्हणजे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), हब बेअरिंग, ब्रेक आणि चासी पेलतात असं नाही. आपल्याकडं सगळे इंजिनकडं बघून गाडी घेतात आणि मोडतं ते मागचं.

आमची वस्ती मोहोळ तालुक्यात, ओढ्याच्या पलीकडं, काळ्या रानात. वस्तीपासून सोलापूरचं मार्केट यार्ड पस्तीस किलोमीटर. माझ्याकडं २०१४ ची बोलेरो पिकअप आहे, सव्वा टन पासिंगची. दादाकडं तेव्हा दुसऱ्या कंपनीची दीड टनाची होती, माझ्यापेक्षा नवी आणि दमदार. तिच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं त्यात दोष गाडीचा नव्हता. माझा सगळा मुद्दा हाच आहे.

डिसेंबर २०२३. त्या साली पाऊस नव्हता, कांदा कमीच निघाला होता आणि भाव बरा होता. ६ तारखेला, बुधवारी संध्याकाळी दोघांच्या पिशव्या भरून झाल्या. माझ्या चव्वेचाळीस, दादाच्या साठ. पिशवी पन्नास किलोची धरा. माझ्या गाडीला जनावरांची लोखंडी जाळी बसवलेली आहे, तिचंच वजन शंभर किलोच्या घरात, म्हणून मी बावीसच्या वर पिशवी घेत नाही. दोन खेपा करायच्या ठरवल्या. पहिली रात्री नऊला निघून अडत्याच्या गाळ्यावर उतरवली आणि एक वाजता परत आलो.

दादानं साठच्या साठ एकाच गाडीत चढवल्या. तीन टन, म्हणजे पासिंगच्या दुप्पट. मी म्हटलं, "दादा, अर्ध्या उतरव, तूही दोन खेपा कर." तो म्हणाला, "दुसऱ्या खेपेचं डिझेल तुझा बाप देणार का? सगळा तालुका तीन टन भरतोय." बाप आमचा दोघांचा एकच, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून बोचतं.

पहाटे तीनला दोन्ही गाड्या निघाल्या, माझी पुढं. ओढा उतरून चढावर आलो आणि आरशात मागचे दिवे दिसेनात. खाली उतरून चालत गेलो. दादाची गाडी ओढ्याच्या चढावर तिरकी उभी होती, मागचं एक चाक हौद्याला टेकलेलं आणि टायर घासल्याचा वास. मागच्या डाव्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला होता. हा बोल्ट सगळे पाटे एकत्र धरतो आणि ऍक्सलला त्याच्या जागेवर ठेवतो. तो गेला की ऍक्सल सरकतं. इथं ऍक्सल सरकताना ब्रेकचा पाइपही ताणून तुटला होता. चढाऐवजी उतारावर तुटला असता तर काय झालं असतं, ते मी आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दादा म्हणाला, "तू जा, तुझा लिलाव चुकवू नको." गेलो. माझ्या चव्वेचाळीस पिशव्या गुरुवारी सकाळी विकल्या. इकडं मोहोळहून मिस्त्री यायला दहा वाजले. साठ पिशव्या ओढ्यात उतरवल्याशिवाय जॅक लागेना आणि बाया-गडी सगळे रानात. बोल्ट दोनशे रुपयांच्या आतला. पण टायर, ब्रेकचा पाइप, दोन पाटे आणि मजुरी धरून दिवस गेला. संध्याकाळी पुन्हा गाडी भरली, या वेळी मोजून दोन खेपा, आणि माल यार्डात पोचला तो गुरुवारी रात्री.

७ डिसेंबरला रात्री केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. शुक्रवारी सकाळी लिलावाला उभे राहिलो तर व्यापाऱ्यांच्या हातात मोबाइल, बोली वर चढेचना. एकाच रानातला कांदा, एकच वक्कल (एकाच प्रतीचा ढीग) म्हणावं असा माल. माझ्या आणि दादाच्या पट्टीत, म्हणजे अडत्याच्या हिशोबाच्या पावतीत, क्विंटलमागं हजाराहून जास्त फरक पडला. दादाचे तीस क्विंटल होते. ज्या डिझेलवरून तो बोलला होता ते त्या वेळच्या दरानं साडेपाचशे रुपयांचं होतं: सत्तर किलोमीटर जाऊन-येऊन, लिटरला बारा धरून.

निर्यातबंदी कोणालाच आधी माहीत नव्हती, हे मला कळतं. पण गाडी गुरुवारी यार्डात उभी असती तर दादाचा माल माझ्या दरानं गेला असता. त्यानं मात्र सहा महिन्यांत ती गाडी तोट्यात विकली आणि अजून पारावर सांगतो की त्या कंपनीची गाडी भिकार आहे. माझी गाडी एवढी वर्षं ऍक्सल न मोडता चालली, तर तो म्हणतो, "तुझं नशीब." नशीब नाही. मी पिशव्या मोजतो म्हणून ती चालते. मिस्त्रीनं त्या दिवशी दाखवलं होतं, पाट्यांना घासल्याच्या खुणा होत्या आणि पाटे ऍक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट ढिले होते. ते ढिले राहिले की पाटे एकमेकांवर सरकतात आणि सगळा झटका त्या एका बोल्टवर येतो. वजन दुप्पट आणि बोल्ट ढिले, मग कुठल्याही कंपनीची गाडी ओढ्यात बसेल.

आता तुमच्या निवडीबद्दल.

आरसी हातात घ्या. एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा, त्यातून जाळी आणि सोबत बसणारी माणसं वजा करा. उरतं तेवढंच तुमचं. शोरूममधल्या माणसानं तोंडी सांगितलेला आकडा धरू नका. कांदा मुख्य असेल तर दीड ते एक पूर्णांक सात टनांच्या मधली गाडी बघा. बोलेरो पिकअप १.३, १.५ आणि १.७ टनांत येते, योद्धा दोन टनांपर्यंत. टाटाचीच इंट्रा व्ही ३० तेराशे किलोंची, व्ही ५० दीड टनाची. अशोक लेलँडची दोस्त आणि इंट्रा लहान इंजिनच्या, शहरातल्या डांबरी रस्त्यावर आणि गल्लीत चांगल्या. आमच्यासारखं काळं रान आणि ओढा असेल तर मी बॉनेटवाली घेईन. इंजिन पुढं असतं, बॉनेट उघडून उभ्यानं काम करता येतं, सीट उचलावी लागत नाही. शिवाय मोहोळ, पंढरपूर, सांगोला, कुठंही बोलेरोचे पार्ट टपरीवर मिळतात. ज्या गाडीचा पार्ट पुण्याहून मागवावा लागतो ती कितीही चांगली असली तरी हंगामात तुमच्या कामाची नाही.

टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस डोक्यातून काढा. त्या किमतीत दोन पिकअप येतात आणि माल त्यांत पिकअपएवढा बसत नाही.

जुनी बघायला गेलात तर आधी दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. मूळ गाडीपेक्षा जादा पाटा टाकलेला दिसला तर परत फिरा. वाळूला किंवा उसाला लावलेल्या गाड्यांना हमखास असा पाटा असतो. जादा पाट्यानं गाडी बसत नाही एवढंच. ब्रेक, बेअरिंग, चासी तीच राहते, आणि गाडी बसत नाही म्हणून माणूस आणखी भरतो. चासीवर, मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटपाशी, वेल्डिंगचा टाका शोधा. रंग ताजा असेल तर नखानं खरवडून बघा.

म्हशींचं. एका म्हशीचं वजन चार-पाचशे किलो, म्हणजे वजनानं दीड टनात तीन जातील असं वाटतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे एका म्हशीला किंवा गाईला किमान दोन चौरस मीटर जागा आणि मध्ये अडसर लागतो. नऊ फुटी हौद्यात तशा दोनच बसतात. नियम बाजूला ठेवला तरी दोनच न्या. उभं जनावर ब्रेक मारला की एका बाजूला कलतं आणि गाडीही त्याच्याबरोबर जाते. तळाला गोणपाट आणि वर पाचटाचा थर द्या, नाहीतर पत्र्यावर खूर घसरून मांडी फाटते. सांगोल्याच्या रविवारच्या बाजाराला जायचं असेल तर पहाटेच निघा, उन्हात पत्रा तापतो.

कडब्याला वजनाची चिंता नाही, उंचीची आहे. केबिनच्या वर हातभर गेलात की महामार्गावर आडवा वारा गाडी ढकलतो. दोर दोन्हीकडून फाळक्याच्या हुकाला बांधा, ताडपत्रीच्या डोळ्यांना नको.

नवी घेतलीत तर धुराच्या फिल्टरचा दिवा ओळखून घ्या. वस्ती ते गावठाण असं दोन-तीन किलोमीटर हळू चालवत राहिलं तर काजळी जळत नाही आणि तो भरतो. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका वेगानं चालवा. तो स्वतःला साफ करत असताना गाडी बंद करू नका. हे डिलिव्हरी घेताना विचारून समजून घ्या.

दंडाचंही सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आहेत. 'इकडं कोण पकडतंय' असं दादा म्हणतो. अपघात झाला की मात्र विम्याचा माणूस पहिली काट्याची पावती मागतो.

कागदांचं थोडक्यात. एकूण वजन तीन टनांच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यापुढं लागतं. १.७ टनाची घेताना हे विचारून घ्या. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. साडेसात टनांच्या आतली गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. जड वाहनाच्या बॅजसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

हे सगळं माझ्या रानाच्या हिशोबानं आहे. तुमचं रान मुरमाड असेल आणि डांबरी रस्ता दारात असेल तर इंट्रा व्ही ५० माझ्या बोलेरोपेक्षा डिझेलला हलकी पडेल, ती घ्या. डाळिंब मुख्य असेल तर क्रेटच्या मापानं हौद्याची लांबी मोजा, टनाच्या आधी. आणि रोजच अडीच टन माल निघत असेल तर पिकअपच्या नादाला लागू नका, जुनी पण सरळ चासीची टाटा ४०७ बघा. दादाला मी तेच सांगत होतो. त्याचा माल खरंच जास्त होता, गाडी लहान होती.

कुठलीही घेतलीत तरी यू बोल्ट पहिल्या हजार किलोमीटरला आणि पाट्यांचं काम झालं की पुन्हा आवळून घ्या. मी दर महिन्याच्या अमावास्येला बघतो, त्या दिवशी माझी गाडी उभी असते. माझ्या केबिनच्या पाठीवर, हौद्यातून दिसेल अशा बाजूला, पिवळ्या रंगानं '२२ पिशव्या' असं लिहून घेतलंय. हमाल ते वाचतात आणि तेविसावी खाली ठेवतात, मला काही बोलावं लागत नाही. दादाच्या नव्या गाडीवरही लिहून देतो म्हटलं होतं, रंगाचा डबा अजून माझ्याकडंच आहे.