पिपने पांडाज टाकलंय, तरी व्हीएस कोडमध्ये 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' का येतो?

पिप (पायथनमध्ये लायब्ररी टाकणारं साधन) म्हणतंय "रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड", म्हणजे पांडाज ही डेटा हाताळायची लायब्ररी आधीच टाकलेली आहे, आणि व्हीएस कोडमध्ये फाइल रन केली की "नो मॉड्यूल नेम्ड पांडाज". तुम्ही दिलेल्या या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दुखणं कुठे आहे ते कळतं. तुमच्या विंडोजवर बहुतेक दोन पायथन आहेत. पिपने पांडाज एकात टाकलंय आणि व्हीएस कोड फाइल चालवतोय दुसऱ्यावर. दोघंही खरंच बोलतायत.

माझा यात एक अख्खा रविवार गेला होता. पांडाज तीनदा काढून तीनदा टाकलं, शेवटी वैतागून व्हीएस कोडच उडवून नव्याने टाकला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो नुसता एडिटर. पायथन त्याच्यासोबत येत नाही, मशीनवर असेल त्यातलंच एखादं तो वापरतो.

आधी खात्री करून घ्या. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.) टर्मिनलमध्ये 'पिप --व्हर्जन' द्या. जी ओळ येते तिच्यात फोल्डरचा पत्ता असतो आणि शेवटी कंसात पायथनची आवृत्ती. मग फाइलमध्ये 'इम्पोर्ट सिस' आणि त्याखाली 'प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)' लिहून रन करा. माझ्याकडे एकीकडे पायथन३१० निघालं, दुसरीकडे पायथन३१२. संपला विषय.

तात्पुरता इलाज अर्ध्या मिनिटाचा: कंट्रोल-शिफ्ट-पी, 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर', आणि पिपवालं पायथन निवडा. पण मी तेवढ्यावर थांबणार नाही, कारण पुढच्या प्रोजेक्टला हेच रडगाणं पुन्हा.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, म्हणजे त्याच्या लायब्रऱ्या त्याच्यापुरत्या वेगळ्या राहतात. फाइल नाही, पूर्ण फोल्डर उघडा. कंट्रोल-शिफ्ट-पी, 'पायथन: क्रिएट एन्व्हायर्नमेंट', त्यात 'व्हेन्व्ह' (एन्व्हायर्नमेंट बनवणारं साधन), मग पायथनची आवृत्ती. (पायथनचं एक्स्टेन्शन टाकलेलं असेल तरच हे दिसतं.) व्हेन्व्ह वेगळं उतरवावं लागत नाही, ३.३ पासून ते पायथनमध्येच आहे. फोल्डरमध्ये '.व्हेन्व्ह' तयार होतं. आता जुनं टर्मिनल बंद करून नवं उघडा. ओळीच्या सुरुवातीला कंसात '.व्हेन्व्ह' दिसलं की मगच 'पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज'. नुसतं 'पिप' लिहायची सवय सोडाच. 'पायथन -एम' लावलं की जे पायथन चालतंय त्याचंच पिप धावतं.

टर्मिनल उघडताच "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड" असं लाल अक्षरांत आलं तर घाबरू नका, ती पॉवरशेलची (विंडोजच्या टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) सुरक्षा आहे. टर्मिनलच्या अधिकच्या चिन्हाशेजारच्या बाणातून 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा, काम भागतं. आणि नंतर प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदललंत किंवा तो हलवलात तर '.व्हेन्व्ह' उडवून नवं करा. आत जुना पत्ता लिहिलेला असतो.

पुढे दुसऱ्या लायब्रऱ्या टाकताना नावांचाही घोळ होईल. इम्पोर्ट करताना 'सीव्ही२', पण इन्स्टॉल करताना 'ओपनसीव्ही-पायथन'. 'एसकेलर्न'चं इन्स्टॉलचं नाव 'सायकिट-लर्न', 'पीआयएल'चं 'पिलो'. हे पाठच करायचं.

एवढं करूनही पांडाज गंडलं तर तुमच्याच फाइलचं नाव बघा. 'पांडाज.पीवाय' ठेवलं असेल, तर पायथन लायब्ररी सोडून तीच फाइल इम्पोर्ट करत बसतं.