एवढं केलं, तरी तो गेलाच नाही

"मॅडम, मला एका मुलाचा राग आलाय. सहा आठवडे झाले, जातच नाही," समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेले गृहस्थ खुर्चीत बसता बसता म्हणाले. वय पंचावन्नच्या पुढे, सगळं आयुष्य हिशेबाच्या कामात गेलेलं. (ही गोष्ट दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा त्यांच्याच कार्यालयातल्या शिपायाचा. वय २०, नुकताच पदवीधर झालेला. आठ महिने दर रविवारी त्याला घरी बोलावून यांनी शिकवलं. ताळेबंद कसा वाचायचा, बायोडेटात काय लिहायचं, मुलाखतीत स्वतःबद्दल कसं बोलायचं. मग एका मित्राच्या कंपनीत शब्द टाकला. मित्राने वेळ दिली, आणि मुलगा गेलाच नाही. त्या दिवसापासून फोन उचलत नाही, मेसेजला उत्तर नाही.

"एवढी गुंतवणूक केली मी त्याच्यात, आणि त्याने मला मित्रासमोर तोंडघशी पाडलं. सांगा, का करावं माणसाने कोणासाठी?"

हा प्रश्न मी शिक्षकांकडून ऐकला आहे, मामा-काकांकडून ऐकला आहे, निवृत्त अधिकाऱ्यांकडूनही. विचारणारी माणसं मनापासून झटलेली असतात, म्हणून तर एवढं लागतं. "आजकालच्या पोरांना कशाची किंमत नाही" हे वाक्य पाठोपाठ येतं, आणि त्यावर मी वाद घालत नाही. आधी एकच गोष्ट विचारते: शेवटचं बोलणं काय झालं होतं? जसंच्या तसं सांगा.

त्यांनी आठवून सांगितलं. आदल्या रात्री फोन केला होता. कागदपत्रं घेतलीस का, शर्ट इस्त्री केलास का, वेळेच्या आधी पोच. आणि फोन ठेवताना, "हे बघ, माझं नाव खराब करू नकोस."

मी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. म्हणून झाल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

ज्या मुलाच्या घरातलं कोणी कधी टेबलापलीकडच्या खुर्चीत बसलेलं नाही, त्याला मुलाखतीचंच ओझं पुरेसं असतं. त्यावर आता एका मोठ्या माणसाची अब्रूही ठेवली गेली. स्वतः नापास होणं एक वेळ सोसता येतं, पण काकांना नापास करायचं म्हणजे? मग न गेलेलंच बरं वाटतं. आणि न गेल्यावर फोन तरी कोणत्या तोंडाने उचलायचा? बाहेरून जो कृतघ्नपणा दिसतो, ती माझ्या अनुभवात बहुतेक वेळा शरम असते.

"तुम्हीच त्याला फोन करून विचारा ना," ते म्हणाले. मी नकार दिला. तो मुलगा माझ्याकडे आला नव्हता, आणि त्याच्या मागे आणखी एक मोठं माणूस लावण्यात अर्थ नव्हता.

"मग सोडून देऊ?"

इथे मात्र मी ठाम होते. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या अशा, मार्गदर्शक मोठं माणूस आणि मूल यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांमध्ये सर्वांत जास्त सुधारणा दिसली. जिथे तीन महिन्यांच्या आतच साथ सुटली, तिथे मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा घटलेला आढळला. म्हणजे हात पुढे करून मागे घेण्याची किंमत मुलाला मोजावी लागते. आपल्याला वाटतं, फार तर आपले चार रविवार वाया गेले.

त्यांनी मेसेज लिहून आणला होता. "तू असं का केलंस याचं उत्तर मला हवं आहे" अशी त्याची सुरुवात होती. आम्ही तो खोडला. उरलं ते एवढंच: "त्या दिवसाबद्दल काही सांगायची गरज नाही. रविवारी सकाळी मी नेहमीसारखा घरी आहे. आलास तर बरं वाटेल." मित्राची माफी त्यांनी स्वतः मागायची, त्यात मुलाला ओढायचं नाही, हेही ठरलं. हे त्यांना जड गेलं, पण त्यांनी केलं.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. "काका, येऊ का?"

तो गेला होता. वेळेच्या वीस मिनिटं आधी त्या इमारतीच्या दारात उभा होता. आत टेबलावर येणाऱ्यांची वही होती. नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता, 'कोणत्या कंपनीकडून'. त्याला काय लिहावं कळेना. मागे दोघे उभे होते. त्याला वाटलं, इथे कुठल्या तरी कंपनीचीच माणसं येतात, आपण चुकीच्या जागी आलोय. पेन ठेवलं आणि परत फिरला.

हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज दाटून आला. "आठ महिने मी ताळेबंद शिकवला मॅडम. वही नाही शिकवली."

कशी शिकवणार? ज्याला त्या इमारतींची सवय झाली त्याला ती वही दिसतच नाही. आणि "काही शंका असेल तर विचार" हे वाक्य इथे कुचकामी ठरतं, कारण आपल्याला काय माहीत नाही हेच मुलाला माहीत नसतं. म्हणून न विचारता सांगावं लागतं: दारात कोण बसलेलं असेल, रकाना रिकामा ठेवला तरी चालतो, अर्धा तास थांबवून ठेवलं तर तो अपमान नसतो, उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणता येतं.

"मला कोणी सांगितलं होतं?" हे वाक्य त्यांनी पहिल्या भेटीत अभिमानाने उच्चारलं होतं. तिसऱ्या भेटीत मी त्याकडे वळले. एकट्याने सगळं जमवताना तुम्हाला काय किंमत मोजावी लागली? आठवायला वेळ लागला. पहिल्या नोकरीत पहिलं दीड वर्ष ते जिन्यात बसून डबा खायचे. कॅन्टीनमध्ये घरचा डबा नेऊन बसलेलं चालतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. त्या मुलाला मात्र पुढच्या रविवारी सांगितली.

पुढची पायरी आम्ही मुद्दाम लहान ठेवली. आत्मविश्वास कुठून येतो याची मांडणी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. स्वतः करून जमल्याचा अनुभव सर्वांत भक्कम, त्यानंतर आपल्यासारख्याच कोणाला तरी करताना पाहणं. "तुला जमेल" असं नुसतं ऐकणं त्यामानाने कच्चं. आणि आपण मोठी माणसं नेमकं तेच सर्वांत जास्त करतो. म्हणून मुलगा दोन दिवस त्यांच्या विभागात नुसता बसायला गेला. शेजारी २४ वर्षांची एक सहकारी होती, तिच्याही घरातली ती पहिलीच पदवीधर. दोघं काय बोलले ते काकांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

नोकरीसाठी पुन्हा शब्द टाकायचा तर कोणाकडे? जवळच्या मित्रांकडे त्यांना आता संकोच वाटत होता. मी त्यांना समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या शोधनिबंधाबद्दल सांगितलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं होतं की ही ओळख किती दाट होती. ज्याच्याशी वारंवार भेट होते अशा माणसाकडून नोकरी कळलेले फक्त १६.७ टक्के निघाले. उरलेल्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. या मुलाच्या गोतावळ्यात कार्यालयीन नोकरीची बातमी पोचतच नव्हती. मोठ्या माणसाकडची खरी शिदोरी हीच असते: वर्षानुवर्षांत साठलेल्या, आता जवळपास विसरलेल्या ओळखी.

चार वर्षांत न भेटलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर त्यांनी शोधून काढला. छोटं कार्यालय, तीन महिन्यांचं शिकाऊ काम, विद्यावेतन बेताचं. "याला घ्या" असं ते म्हणाले नाहीत. मुलाला काय येतं आणि काय अजून येत नाही, दोन्ही सांगितलं आणि एकदा भेटा म्हणाले. मला ही पद्धत फार आवडते. शब्द टाकणाऱ्याने खरं सांगितलेलं असलं की मुलाला आत जाऊन नाटक करावं लागत नाही.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. काम मिळालं होतं. पण मला आदल्या रात्रीचा फोन ऐकायचा होता. काय बोललात?

"म्हटलं, पोचलास की कळव," ते म्हणाले. "आणि नाही पोचलास, तरी कळव."