दिवंगत लोकप्रतिनिधीची स्मरणिका काढताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या दिवंगत नगरसेविकेवर स्मरणिका काढतो आहोत. आठवणी भरपूर आल्या, पण सगळ्यांत ‘मनमिळाऊ’, ‘निःस्वार्थी’, ‘न भरून येणारी पोकळी’ हेच. आता काय करावं?

उत्तर : ‘चार ओळी लिहून द्या’ म्हटलं की बहुतेकांकडून विशेषणंच येतात. पुन्हा जा आणि बारीक विचारा. कोणतं काम घेऊन त्यांच्याकडे गेला होतात? त्यांनी तेव्हाच्या तेव्हा काय केलं, कोणाला फोन लावला, अर्जात काय लिहायला सांगितलं? काम झालं नाही तेव्हा काय उत्तर दिलं? हा शेवटचा प्रश्न गाळू नका, कारण नकार देण्याची पद्धत माणूस जास्त दाखवते. कार्यालयातले शिपाई, लिपिक, वाहनचालक, सफाई कामगार यांच्याकडे आवर्जून जा. रोजचं काम त्यांनी पाहिलेलं असतं आणि आठवणी मागताना नेमकं त्यांनाच विसरलं जातं. सभागृहात विरोधात बसणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याचंही लिखाण घ्या.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्यापासून हातभराच्या आत ठेवा. सुरुवातीलाच नाव, तारीख आणि छापायची परवानगी त्यांच्याच आवाजात घ्या. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात. वेळापत्रक त्या हिशेबाने आखा.

प्रश्न : पाण्याची टाकी त्यांनी कधी बांधली यावर एकमत होत नाही. दोघांनी सांगितलेल्या वर्षांत तीन वर्षांचा फरक आहे.

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात. ठराव मांडणं, मंजुरी, निधी, कार्यारंभ आदेश, उद्घाटन या पाच वेगळ्या तारखा आहेत. लोकांच्या लक्षात राहते ती उद्घाटनाच्या पाटीवरची, म्हणजे शेवटची. ठरावाची तारीख सभेच्या इतिवृत्तात मिळेल; सभेचा अंदाजे महिना, वर्ष आणि विषय लिहून प्रमाणित प्रत मागा. मग क्रियापद जपून वापरा. ‘टाकी बांधली’ असं लिहिलं की अभियंते, मजूर आणि इतर सदस्य पुसले जातात. ‘ठराव मांडला’, ‘निधीसाठी पाठपुरावा केला’ हे खरंही आहे आणि त्यांचा वाटा नेमका सांगतं. कागद मिळालाच नाही, तर वर्ष छापू नका.

प्रश्न : त्यांचा एकच जुना, पासपोर्ट आकाराचा फोटो आहे. मुखपृष्ठावर चालेल का?

उत्तर : चालेल, पण मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते आणि कडा वाकतात. सपाट काचेच्या स्कॅनरवर घ्या. छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) लागतात, म्हणून साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा फोटो १४ सेंटिमीटर छापायचा तर १,२०० डीपीआयवर स्कॅन करा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फोटोवर चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन नको, ते पुढे काढता येत नाही. मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

छापखान्याचं निघालंच आहे म्हणून आणखी एक. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलताना रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं बिघडतात. मुद्रितशोधनात आडनावं एकदा स्वतंत्रपणे, कुटुंबीयांना शेजारी बसवून तपासा.

प्रश्न : शोकसभेत किती वेळ बोलावं?

उत्तर : पाच मिनिटं. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणून पाचशे शब्द लिहून न्या. त्यात त्यांचं एकच काम पूर्ण सांगा. आजारपणाबद्दल किंवा मृत्यूच्या कारणाबद्दल बोलायचं का, हे घरच्यांना आदल्या दिवशी विचारून घ्या.