पंथ वाढायला मठ लागतो का?

प्रश्न : आमचं दर गुरुवारी नामस्मरण असतं. पंचवीसेक माणसं जमतात. मठ, गादी काढल्याशिवाय हे पसरेल का? (एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : पसरतं, पण नुसत्या भावनेवर नाही. वारकऱ्यांना एक गादी नाही, एक धर्मगुरू नाही. तरी एकादशी ठरलेली, हरिपाठ ठरलेला, दिंडीत विणेकरी कोण हेही ठरलेलं. ही घडी मठाचं काम करते.

ब्राह्मण पुरोहिताशिवाय विधी करा म्हणणारा जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ साली पुण्यात निघाला, १९११ ला कोल्हापुरात आला. पण लोकांची अडचण लग्नाला आणि बाराव्याला येते. विधी कोण करणार? म्हणून आपले पुरोहित तयार करावे लागले. पुढे १९२० मध्ये शाहू महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्र जगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, नेमले, म्हणजे शेवटी पीठही आलंच.

तुम्ही आधी वार आणि वेळ पक्की करा, पाठ वीस मिनिटांचा ठेवा, चालवायला तीन माणसं तयार करा. एकाच्याच आवाजावर चाललेलं मंडळ तो आजारी पडला की बसतं. पेटीतले पैसे दोघांनी मोजून वहीत लिहायचे; फूट बहुतेक तिथूनच पडते. जागा घ्यायची वेळ आली की मगच धर्मादाय कार्यालयात ट्रस्टची नोंदणी करा.