पॉइंटर जातीच्या पिल्लाची पक्ष्यांशी ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू चार महिन्यांचं आहे, काठीला दोरीने लटकवलेल्या पंखावर सुरेख पॉइंट धरतं, म्हणजे त्याच्याकडे रोख धरून जागच्या जागी ताठ थबकतं, पण जिवंत कबुतर हातात धरून त्याच्यापुढे नेलं तेव्हा फडफडीने दचकून मागे सरलं. आता त्याच्या अंगात शिकारी कुत्र्याचे गुणच नाहीत की काय, अशी शंका तुम्हाला येतेय. ती शंका मनातून काढून टाका. मात्र पुढचे काही आठवडे फार जपून वागा, कारण या वयात झालेलं नुकसान भरून काढणं अवघड असतं.

आधी पंखाबद्दल. भक्ष्यावर झेप घेण्याआधी क्षणभर थबकणं हे शिकारी प्राण्यांच्या स्वभावातच असतं. पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, विझ्ला या जातींमध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत तो क्षण लांबवत नेला. तुमचं पिल्लू पंखावर थबकतं, म्हणजे ती देणगी त्याच्यात आहे. पण पंखावरचा पॉइंट डोळ्यांचा असतो. रानातला पक्षी गवतात दडलेला असतो, तिथे काम नाकाचं. पंखाचा खेळ फार झाला तर पिल्लू नाकावर विसंबायचं सोडून, पक्षी दिसेपर्यंत पुढे पुढे सरकायला शिकतं. तुम्हाला जे पाहायचं होतं ते दिसलंय, तेव्हा ती काठी आता ठेवून द्या.

आता मागे सरण्याबद्दल. अनोळखी वस्तू अचानक तोंडाजवळ फडफडली तर कुठलंही पिल्लू दचकेल, त्यात काही वावगं नाही. खरा धोका पुढच्या प्रतिक्रियेत असतो. मालक चिडतो, पट्टा ओढतो, पिल्लाला धरून पक्ष्यापाशी नेतो, ‘घे, घे’ म्हणत मागे लागतो. पक्षी जवळ आला की आपल्याला त्रास होतो, एवढंच पिल्लाच्या डोक्यात बसतं. असं कुत्रं पुढे वास येऊनही मान वळवतं आणि पक्ष्याला वळसा घालून निघून जातं. ही खोड बहुतेक वेळा माणसानेच लावलेली असते आणि ती मोडायला महिने जातात, कधी कधी मोडतच नाही. त्यामुळे पक्ष्याच्या आसपास रागावणं, हिसका देणं, आरडाओरडा हे सगळं पूर्ण बंद.

काही दिवस पक्षी दाखवूच नका. नंतर कबुतराऐवजी लावा हा पक्षी घ्या. आकाराने लहान, फडफड कमी, आणि जमिनीवरून तुरुतुरु पळतो. पळणारी वस्तू पाहून भित्र्या पिल्लाचीही उत्सुकता जागी होते. आखूड गवतात लावा सोडा, पिल्लू मोकळं ठेवा आणि तुम्ही दुसरीकडे पाहत उभे राहा. पिल्लाने नुसतं हुंगलं तरी त्या दिवसापुरतं पुरे. पाठलाग केला तर उत्तमच. एखाद वेळी पकडलंच तर हरकत नाही, बुजलेल्या पिल्लाला त्याने धीर येतो. तोंडातून पक्षी ओढून मात्र काढू नका. चार ते सहा महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडत असतात, हिरड्या दुखऱ्या असतात. पिल्लाला जवळ बोलवा, कुरवाळा, पकड सैल झाली की अलगद घ्या. फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या पक्ष्याचा नर इतक्यात नकोच. त्याच्या पायाला टोकदार नखी असते आणि जखमी नर तर चांगलाच प्रतिकार करतो.

धीर आला की लगेच उलटा धडा सुरू करायचा, आणि माझ्या मते सगळ्या शिक्षणाचं मूळ इथेच आहे: पक्षी धावून पकडता येत नाही, हे पिल्लाला पटलं पाहिजे. ते पटवण्याचं काम पक्ष्याचं, तुमचं नाही. त्यासाठी जोरदार उडणारा पक्षी लागतो. पिंजऱ्यात वाढलेले, धड न उडणारे पक्षी वापरले तर पिल्लू ते सहज पकडतं आणि पॉइंटवर थांबण्याचं त्याला कारणच उरत नाही. माझी पसंती घरी परतणाऱ्या कबुतरांना आहे. ती ताकदीने उडतात आणि आपल्या खुराड्यात परत येतात, त्यामुळे पुन्हा उपयोगी पडतात.

पक्षी ठेवायचा तो दूरवरून उघडता येईल अशा पेटीत. वाऱ्याचा अंदाज आधी घ्या. वास उदबत्तीच्या धुरासारखा वाऱ्याबरोबर जातो, उगमापाशी अरुंद आणि पुढे पसरत जाणारा. पिल्लाला वाऱ्याला आडवं चालवत आणा, म्हणजे ते त्या पट्ट्यात शिरताच मान झटक्यात वळवेल. तो झटका एकदा पाहिलात की पुढे नेहमी ओळखाल. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. पेटी ठेवायला तुम्ही ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने पिल्लाला आणू नका, नाहीतर ते पक्ष्याऐवजी तुमच्या पावलांचा माग काढत पोचेल. जागाही दर वेळी बदला.

पिल्लाच्या गळ्यात सहा ते नऊ मीटरची हलकी दोरी असू दे, पण ती जमिनीवर सैल घसरू द्या. वास लागून पिल्लू थबकलं तर तुम्हीही थांबा आणि गप्प राहा. त्याने पक्ष्याकडे पाऊल टाकलं की त्याच क्षणी पेटी उघडा. पाऊल टाकलं आणि पक्षी गेला, हा संबंध पिल्लू स्वतः जुळवतं. हळूहळू थबकणं लांबत जातं. या वेळी ‘थांब’ हा शब्द उच्चारू नका. तो घरी, पक्षी नसताना शिकवा. पॉइंटवर असताना सारख्या सूचना मिळाल्या की कुत्र्याचं लक्ष पक्ष्यावरून मालकाकडे वळतं, शेपटी सैल पडते, हलू लागते.

पेटी उघडतानाच्या खटक्याची सवय आधी वेगळी लावा, जेवणाच्या वेळी, लांबून. आणि पिल्लू अगदी पेटीवर नाक टेकून उभं असेल तर ती उघडूच नका. तुमचं पिल्लू एकदा दचकलेलं आहे, तिथे ही काळजी दुप्पट घ्या.

उडालेल्या पक्ष्यामागे ते धावलं तर धावू द्या. या वयात पाठलागाची ओढच आपल्याला हवी असते. उडाल्यावरही जागेवर उभं राहण्याची शिस्त साधारण वर्षाचं झाल्यावर लावता येते. एका वेळी एक किंवा दोन पक्षी, बस्स. त्याला आणखी हवं असतानाच थांबा. वेळ सकाळची, जमीन थोडी ओलसर, वारा मंद. कोरड्या उन्हात वास नीट लागत नाही आणि तरुण कुत्रं तापतं फार लवकर.

कुठल्याही पक्ष्याला हात लावण्याआधी तुमच्या भागातला कायदा पाहून घ्या. जंगली पक्ष्यांवर सराव बऱ्याच ठिकाणी चालत नाही, विणीच्या हंगामात तर त्यांना हुसकावणंही चूकच. काही ठिकाणी पाळलेल्या पक्ष्यांसाठीही परवाना लागतो.

बंदुकीच्या आवाजाचं तुम्ही शेवटी विचारलंय. सध्या अजिबात नाही. पिल्लू पक्ष्यामागे बेभान धावायला लागलं की एका मदतनिसाला शंभरेक मीटरवर उभं करा आणि पाठलाग ऐन रंगात असताना कमी आवाजाच्या पिस्तुलातून एकच कोरा, म्हणजे बिनगोळीचा, बार काढायला सांगा. पिल्लाने वळूनही पाहिलं नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळून. कान पाडले, धाव मंदावली किंवा ते तुमच्याकडे परत आलं, तर बंदूक काही आठवडे बाजूला ठेवा आणि पुन्हा नुसत्या पक्ष्यांवर या.